वाफेने वाकलेली खुर्ची

मुंबईतील इराण्याच्या हॉटेलात ज्यांनी ब्रुन-मस्का आणि चहा घेतला आहे, त्यांना तिथली गोल बैठकीची, कमानदार पाठीची काळसर खुर्ची नक्की आठवत असेल. काही हॉटेलांतील या खुर्च्या पोलंडहून आल्या होत्या. पण तिचे मूळ ऑस्ट्रियात आहे, आणि तिच्या इतिहासात आपल्या यहुदी लोकांचाही वाटा आहे.

मिखाएल थोनेट हे जर्मनीतील बोपार्ड गावचे सुतार. जन्म 1796 चा. लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, वाकवून ते फर्निचर बनवीत. 1842 मध्ये ऑस्ट्रियाचे मंत्री मेटर्निख यांच्या प्रोत्साहनाने ते व्हिएन्नाला गेले. इकडे बोपार्डमध्ये सावकारांनी त्यांच्या मालमत्तेवर जप्ती आणली. पुढे व्हिएन्नात जम बसला. पण सरसाने जोडलेले लाकूड दमट हवेत सुटू लागे. म्हणून अखंड लाकूडच वाकवायचे असे त्यांनी ठरवले.

हे काम सोपे नव्हते. लाकूड वाकवताना आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते. वाफेने मऊ झालेले लाकूड दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र फार थोडा. त्यामुळे ते बाहेरून तडकते. थोनेट यांनी दांड्याच्या बाहेरच्या अंगाला लोखंडाची पट्टी लावून ती दोन्ही टोकांना आवळली. आता लाकडाला ताणायला वावच उरला नाही. ते फक्त दबत, न तुटता वळू लागले. मग साच्यावर बांधून ते भट्टीत सुकवायचे, की आकार कायमचा!

1856 मध्ये या पद्धतीचे हक्क त्यांना मिळाले. मोराव्हियात बीच नावाच्या कठीण लाकडाची जंगले होती. तिथेच, कोरिचानला, कारखाना निघाला. 1859 ची 14 नंबरची खुर्ची म्हणजे लाकडाचे 6 भाग, 10 स्क्रू आणि 2 नट. पाठ व मागचे दोन्ही पाय एकाच दांड्याचे. सुटे भाग भरले तर एक घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या मावत. जहाजाचे भाडे वाचले, खुर्ची स्वस्त झाली आणि दूरदेशी पोचली.

थोनेट यांचे हक्क 1869 मध्ये संपले. तेव्हा व्हिएन्नातील याकोब आणि योझेफ कोन या यहुदी पितापुत्रांची पेढी या धंद्यात उतरली आणि लवकरच थोनेट यांची मोठी प्रतिस्पर्धी बनली. चुरशीमुळे माल वाढला. 1930 पर्यंत एकट्या 14 नंबरच्या सुमारे 5 कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. पहिल्या महायुद्धानंतर या दोन्ही पेढ्या एकाच कंपनीत विलीन झाल्या.

राजवाड्यातील कोरीव खुर्ची धनवानांसाठी होती. ही मात्र कारकून, गिरणी कामगार, विद्यार्थी अशा सर्वांची. हॉटेलात येणारा कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, बसायला खुर्ची तीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोराव्हियातील कारखाने चेकोस्लोव्हाक सरकारने ताब्यात घेतले. त्यांतील बिस्त्रिसे येथील 1861 चा कारखाना अजून चालू आहे. आजही तिथे कामगार वाफेतून काढलेला गरम दांडा हातांनीच साच्यावर वळवतात.