कवळी, रोपणाधारित

जबड्याच्या हाडात बसविलेल्या धातूच्या रोपणांना अडकवून स्थिर केलेली कृत्रिम दंतपंक्ती. सर्व दात गेलेल्या रुग्णांसाठी, विशेषतः खालच्या जबड्याकरिता, तिचा उपयोग करतात.

साधी कवळी हिरड्यांवर केवळ टेकलेली असते. वरची कवळी टाळूच्या विस्तृत आधारामुळे व लाळेच्या थरामुळे चिकटून राहते. खालच्या कवळीला असा आधार नसतो व जिभेच्या हालचालींनी ती उचलली जाते. दात गेल्यावर हाडाची झीज चालूच राहते आणि ती खालच्या जबड्यात अधिक असते. परिणामी कवळी सैल होत जाऊन चावणे व बोलणे अवघड होते.

यावर १९४० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये गुस्ताव्ह डाल यांनी हाडावरील आवरणाखाली धातूची चौकट बसविली. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत लेनर्ड लिंको यांनी पात्याच्या आकाराची रोपणे प्रचारात आणली. अशा रोपणांभोवती बहुधा तंतुमय ऊतक तयार होई व ती कालांतराने सैल होत. त्यामुळे अनेक दंतवैद्य रोपणांकडे संशयानेच पाहत.

पेर-इंग्वार ब्रोनेमार्क (१९२९–२०१४) हे लुंड येथे १९५२ मध्ये सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत असता, निरीक्षणासाठी बसविलेली टिटॅनियमची कुपी हाडाशी एकजीव झाल्याचे त्यांना आढळले. १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे त्यांनी पहिल्या रुग्णावर टिटॅनियमची रोपणे बसविली. हाड तापू न देता छिद्र पाडणे आणि नंतर तीन ते सहा महिने रोपणावर भार न देणे, ही त्यांच्या पद्धतीची मुख्य सूत्रे होत. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या अहवालानुसार खालच्या जबड्यातील ९१% व वरच्या जबड्यातील ८१% रोपणे स्थिर राहिली होती. १९८२ च्या टोराँटो परिषदेनंतर या पद्धतीला जगभर मान्यता मिळाली.

प्रारंभी पाच-सहा रोपणांवर न निघणारी दंतपंक्ती बसवीत. ती फार खर्चाची होती. पुढे खालच्या जबड्याच्या पुढील भागात दोनच रोपणे बसवून, त्यांवरील गोळीला किंवा दांडीला काढघालीची कवळी अडकविण्याची रीत रूढ झाली. २००२ मध्ये माँट्रिऑल येथील मॅकगिल विद्यापीठात भरलेल्या तज्ञांच्या बैठकीने दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच प्रथम पसंतीचा उपचार ठरविला. वरच्या जबड्याचे हाड मऊ असल्याने तेथे सामान्यतः चार रोपणे लागतात.

रोपणांभोवती रोज स्वच्छता राखणे व झिजलेल्या कड्या बदलणे आवश्यक असते. धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांमुळे अपयशाचा संभव वाढतो. दोन रोपणांमुळे खर्च घटला असला, तरी साध्या कवळीपेक्षा तो बराच अधिक असल्याने अनेक गरजू वृद्धांना हा उपचार परवडत नाही.