गाडी खरी कशावरून?

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, ताम्रपट, तलवारी आणि मोडीतले कागद उभे राहतात. ते योग्यच आहे. पण कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडलेली, रस्त्यावर धूळ खाल्लेली एखादी मोटारगाडी इतिहासाचे साधन होऊ शकेल काय? अमेरिकेत असे मानणारे हजारो लोक आहेत. सुटीच्या दिवशी ते खेड्यापाड्यांतील जुनी कोठारे धुंडाळतात, भंगाराचे ढीग उपसतात, गंजलेल्या पत्र्यावरचे आकडे उतरवून घेतात. त्यांचा हा नाद वरवर पाहता निव्वळ हौसेचा. पण इतिहास शिकणाऱ्याने आणि शिकवणाऱ्याने त्यातून घेण्यासारखे बरेच आहे. म्हणून, वाचकहो, आज आपण थोडे दूरदेशी जाऊ.

ज्या गाड्यांचा हा शोध चालतो त्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. आपण त्यांना पहिलवान गाड्या म्हणू. पण हा पहिलवान दिसायला मात्र साधा! घरातली चार माणसे बाजाराला नेणारी मध्यम आकाराची गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात मोठ्या गाडीचे भले थोरले इंजिन बसवायचे, एवढीच ती युक्ती. असे प्रयोग आधीही झाले होते. तरी या पंथाची खरी सुरुवात १९६४ सालच्या ‘पॉन्टिॲक जीटीओ’ या गाडीपासून धरतात.

तिच्या जन्माची हकिकत मोठी मासलेवाईक आहे. जनरल मोटर्स कंपनीचा नियम असा होता की, मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही. कंपनीच्याच पॉन्टिॲक विभागाचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यातून वाट काढली. ते म्हणाले, ही काही नवी गाडी नव्हेच. आमच्या ‘टेंपेस्ट’ गाडीवर गिऱ्हाइकाने मागितली तर जादा पैसे घेऊन द्यायची ही एक सोय आहे. त्या ‘सोयी’तले इंजिन ३८९ घन इंचांचे होते. आपल्या गावातली साधी मोटारसायकल शंभर-सव्वाशे सी.सी.ची असते, हे इंजिन सहा हजार सी.सी.च्याही वर. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा वरिष्ठांचा अंदाज होता. पहिल्याच वर्षी खपल्या ३२,४५०.

असे का झाले? दुसरे महायुद्ध संपल्यावर जन्मलेली पिढी तेव्हा अठरा-वीस वर्षांची होत होती. कारखान्यांत पगार बरे होते, पेट्रोल स्वस्त होते, लांबरुंद सरळ रस्ते तयार होते. जीटीओचे यश पाहून फोर्ड, क्रायस्लर, शेव्हरोले सगळेच आखाड्यात उतरले. रविवारी शर्यत जिंकली की सोमवारी दुकानात गिऱ्हाईक येते, हा त्या धंद्यातला अनुभव. १९६४च्या फेब्रुवारीत डेटोना येथील पाचशे मैलांच्या शर्यतीत क्रायस्लरच्या ‘हेमी’ इंजिनाच्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक घेतले. हेच सात लिटरचे इंजिन १९६६ सालापासून रस्त्यावरच्या गाडीतही विकत मिळू लागले. पुढे १९६९ साली डॉज कंपनीने नाकाड लांब टोकदार आणि पाठीवर उंच पंख असलेली ‘चार्जर डेटोना’ काढली. शर्यतीचा नियम असा की निदान पाचशे गाड्या लोकांना विकायला काढल्या पाहिजेत. म्हणून पाचशेच्या आसपासच काढल्या. २४ मार्च १९७० रोजी अलाबामा राज्यातील टॅलाडेगा येथे तशा एका गाडीने ताशी २००.४४७ मैलांची, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरची फेरी मारली. बंदिस्त धावपट्टीवर ताशी दोनशे मैलांचा आकडा ओलांडल्याची ही पहिली नोंद होय.

आता यातल्या काही गाड्या दुर्मिळ का झाल्या, ते पाहा. त्या फार मोलाच्या होत्या म्हणून कुणी मोजक्याच बनवल्या, अशी आपली समजूत होते. प्रकार बहुधा उलटा असे. इलिनॉय राज्यात ला हार्प नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे फ्रेड गिब हे शेव्हरोले गाड्या विकत. १९६९ सालच्या ‘कमारो’ गाडीत सबंध ॲल्युमिनियमचे, सात लिटरचे इंजिन बसवून ती शर्यतीत उतरवायची अशी त्यांची इच्छा. नियमाप्रमाणे किमान पन्नास गाड्या बनणे जरूर होते; गिब यांनी पन्नासही गाड्या स्वतःच मागवल्या! गाड्या आल्या तेव्हा कळले की एकट्या इंजिनाचीच किंमत चार हजार डॉलरवर आहे आणि गाडी पडते सात हजारांवर. त्या वेळी साधी कमारो तीन हजारांच्या आत मिळत होती. लहान गावात एवढ्या गाड्या कोण घेणार? अखेर ३७ गाड्या कंपनीला परत घेऊन इतर विक्रेत्यांना वाटाव्या लागल्या. एकंदर बनल्या फक्त ६९. त्याही खपता खपेनात.

पंखवाल्या गाड्यांची गतही तीच. १९७० साली प्लिमथ कंपनीने काढलेल्या ‘सुपरबर्ड’ गाड्या कित्येक दुकानदारांच्या आवारात उन्हापावसात पडून राहिल्या. काहींनी तर ते नाक आणि तो पंख काढून टाकला, साधा पत्रा बसवला आणि गाडी कशीबशी गळ्यात मारली. १९७१ सालची उघड्या टपाची ‘हेमी कूडा’ तर अवघी ११ बनली, कारण तेवढीच गिऱ्हाइके मिळाली. तेव्हा, वाचकहो, ज्या मालाला त्या काळी कुणी विचारीना, तोच पुढे दुर्मिळ ठरला.

या पहिलवानांची सद्दी फार दिवस टिकली नाही. तरुणांचे अपघात वाढले तसे विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले. काही ठिकाणी वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीला टेकू लागला. १९७० साली हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा झाला. शिसे नसलेल्या पेट्रोलवर चालावीत म्हणून १९७१पासून इंजिनांचा जोर उतरवण्यात आला. शेवटी १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेचे तेल रोखले आणि पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या. ढसाढसा पेट्रोल पिणारी गाडी आता दारात नकोशी झाली. जुन्या बाजारात त्या मातीमोल भावाने गेल्या. पोरांनी त्या हाणल्या, इंजिने फोडली, त्या जागी दुसरी बसवली. उरल्या त्या भंगारात गेल्या, किंवा कोठारात गवताच्या भाऱ्यांमागे झाकल्या गेल्या.

आणि पुढे तीच पोरे पन्नाशीला आली! हाती पैसा आला, आणि तरुणपणी परवडली नव्हती ती गाडी मनात पुन्हा डोकावू लागली. शोध सुरू झाला तो येथून.

शोधणाऱ्याला गाडी सापडली म्हणजे काम संपले असे नाही. खरे काम तेथून सुरू होते. बैलबाजारात आपण बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. विकणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवून कोणी पैसे मोजत नाही. इथेही तसेच. पहिला पुरावा गाडीच्या क्रमांकाचा. आता सांगितलेल्या त्या ११ गाड्यांचा क्रमांक ‘बी एस २७ आर १ बी’ या खुणांनी सुरू होतो. बी म्हणजे बॅराकूडा ही जात, एस म्हणजे तिचा वरचा दर्जा, २७ म्हणजे उघडा टप, आर म्हणजे हेमी इंजिन, १ म्हणजे १९७१ साल आणि शेवटचा बी म्हणजे मिशिगनमधील हॅमट्रॅमक येथील कारखाना. शिलालेख वाचावा तसे हे वाचन चालते. दुसरा पुरावा इंजिनावर ठोकलेल्या आकड्यांचा. १९६८पासूनच्या गाड्यांत गाडीच्या क्रमांकाचा काही भाग इंजिनावरही उमटवलेला असतो. दोन्ही जुळले तर इंजिन जन्मापासूनचे.

तिसरा पुरावा कागदाचा, आणि तो फार गोड आहे. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक कागद फिरे. कोणता रंग, कोणते इंजिन, कोणते आसन, हे कामगाराला त्यावरून कळे. काम झाल्यावर तो कागद कोठेतरी राहून जाई. कधी मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत, कधी गालिच्याखाली, कधी पेट्रोलच्या टाकीवर. तो कुणी जपून ठेवला नव्हता. फेकला नाही, इतकेच. आज तोच चुरगळलेला, उंदरांनी कुरतडलेला कागद साक्षीदार म्हणून उभा राहतो. पॉन्टिॲकच्या जुन्या नोंदी टिकल्या आहेत. फोर्डच्या १९६७पासूनच्या नोंदीही उपलब्ध आहेत. शेव्हरोलेच्या अमेरिकेतल्या नोंदी मात्र बहुतांशी उरल्या नाहीत. म्हणून तिथे टाकीवरचा कागद म्हणजे सर्वस्व.

एवढी चिकित्सा कशाला, असे कुणी म्हणेल. कारण असे की जिथे पैसा आला तिथे लबाडी येतेच. त्या ११ पैकी एक कूडा २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. मग साध्या गाडीत मोठे इंजिन बसवणारे, भंगारातल्या गाडीचा नंबरपत्रा काढून दुसरीला लावणारे निघाले. तिकडे तो गुन्हा आहे, तरी घडतो. बनावट सनदा करणारे लोक कोणत्या देशात नसतात?

खऱ्याखोट्याचा हा खेळ एका जोडगोळीच्या हकिकतीतून नीट ध्यानात येईल. १९६८ साली ‘बुलिट’ हा चित्रपट आला. त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर स्टीव्ह मॅक्वीन या नटाने हिरव्या मस्टँगमधून केलेला पाठलाग फार गाजला. चित्रीकरणासाठी दोन गाड्या होत्या. त्यांचे क्रमांक एकापुढे एक. एकीच्या शेवटी ५५८, दुसरीच्या शेवटी ५५९. यातली दुसरी १९७४ साली एका गृहस्थाने मासिकातली जाहिरात पाहून सहा हजार डॉलरला घेतली. त्याची पत्नी शिक्षिका होती. ती याच गाडीने शाळेत जाई! १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली. कुटुंबाने दिली नाही. १९८०च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी घरीच उभी राहिली, ती कुणालाही न सांगता. २०१८ साली ती जगापुढे आली, तेव्हा तिचे पोचे, झिजलेला रंग आणि कॅमेरा बसवायला जोडलेले तुकडे तसेच होते. ती नवी करण्याचा मोह घरच्यांनी टाळला होता. २०२० साली ती लिलावात ३४ लाख डॉलरच्या बोलीला गेली.

आणि पहिली? उड्यांची आणि धडकांची कामे केलेली ती गाडी नष्ट झाली असेच सारे धरून चालले होते. २०१७ साली मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्निया भागात ती भंगारावस्थेत निघाली. घेणाऱ्याचा बेत काय होता, पाहा! दुसऱ्याच एका चित्रपटातल्या मस्टँगची नक्कल त्याला तिच्यातून बनवायची होती. सुदैवाने काम पुरे होण्याआधी कुणीतरी क्रमांक तपासला. उड्यांसाठी पुढचा सांगाडा मजबूत केल्याच्या खुणाही सापडल्या. थोडा उशीर झाला असता, तर खऱ्या गाडीवर खोटीचा रंग कायमचा चढला असता.

या जमातीत एक जुना वाद आहे. सापडलेली गाडी नव्यासारखी चकचकीत करावी, की आहे तशी ठेवावी? पूर्वी पहिल्या पक्षाचा जोर होता. रंग खरवडताना कारखान्यातल्या खडूच्या खुणाही गेल्या, हे नंतर लक्षात आले. आता दर नोव्हेंबरात शिकागोजवळ रोझमाँट येथे या गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरते, तिथे कोठारातून नुकत्याच काढलेल्या गाड्या धुळीसकट मांडतात आणि त्यांच्याभोवती गर्दी होते. दुसरा वाद, गाडी चालवावी की कुलपात ठेवावी? त्याचे उत्तर डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर मिळते. १९९५ साली मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे जमवायला तिथे जुन्या गाड्यांची फेरी काढली होती. ती आता ऑगस्टातली मोठी जत्राच झाली आहे. लोक कडेला खुर्च्या टाकून बसतात. आजोबा नुसत्या आवाजावरून गाडी ओळखतात आणि नातवाला सांगतात. तो आवाज कोणत्याही कागदावर उतरत नाही. त्यासाठी गाडी चालायलाच हवी.

हे सारे आपल्याला कशासाठी? शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या गावातही एखाद्या विहिरीवर जुने तेलाचे इंजिन असेल, कुणाच्या परड्यात उसाचा चरक किंवा गावात पहिल्यांदा आलेला ट्रॅक्टर गंजत असेल. भंगारवाला तराजू घेऊन येण्याआधी मुलांना तिथे न्या. पत्र्यावरचा नंबर आणि साल उतरवून घ्यायला सांगा. पावती ट्रंकेत आहे का, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. ते कुणी आणले, कितीला आणले, त्यावर किती रान भिजले, हे शाळेच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. आणि ऐकीव काय, कागदावरचे काय, हेही वेगळे नोंदवा. त्या वहीला लाखांचा भाव येणार नाही. पण पन्नास वर्षांनी गावाबद्दल कुणी काही सांगू लागला, तर “हे खरे कशावरून?” असे विचारणारे आणि त्याचे उत्तर शोधता येणारे एखादे माणूस त्या वर्गातून निघालेले असेल.