वायरलेस कीबोर्ड चालेनासा झाला तर दुकान गाठण्याआधी घरी काय तपासाल?

वाकडला राहणाऱ्या माझ्या भाचीची सकाळी ११ वाजता ऑनलाइन मुलाखत होती. पावणेअकराला तिने लॅपटॉप उघडला तर तो पासवर्ड घेईना. वायरलेस कीबोर्ड, घेऊन दोनच महिने झालेले. तिने सेल बदलले, डोंगल काढून परत लावला, लॅपटॉप बंद करून चालू केला. तरी प्रत्येक वेळी "पासवर्ड चुकीचा आहे". तिचे अब्बा गाडीची चावी घेऊन खाली उतरले, डांगे चौकात एखादं दुकान उघडलं असेल म्हणून. तेवढ्यात तिने मला फोन लावला, "खाला, कीबोर्ड मेला."

मी विचारलं, लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड चालतो का? तोही तसाच, म्हणाली. मग स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात काय दिसतंय? "उर्दूत काहीतरी लिहिलंय."

चूक माझीच होती. आदल्या रविवारी शाळेची एक उर्दू नोटीस टाइप करायला मी तिच्या लॅपटॉपवर उर्दू कीबोर्ड सुरू केला होता आणि तो तसाच ठेवून आले होते. विंडोजचं बटण धरून स्पेस दाब म्हटलं, इंग्रजी आलं, पासवर्ड गेला. मुलाखतीला तीन मिनिटं बाकी होती. नवा कीबोर्ड आणला असता तर त्यानेही हेच केलं असतं.

तेव्हापासून शाळेत, शेजारी, नात्यात कुणाचा कीबोर्ड-माऊस बिघडला की मला विचारतात. मी काही इंजिनिअर नाही. हिंजवडीचं आयटी पार्क इतकं जवळ आहे की आमच्या भागात दर चौथ्या घरात कुणीतरी इंजिनिअर निघेल, पण ते सगळे कामात असतात. म्हणून जे वारंवार सांगावं लागतं ते इथे एकत्र लिहिते.

दोष कुठे आहे ते आधी ठरवा

वायरलेस कीबोर्डमध्ये तीन जागी बिघाड होऊ शकतो. एक खुद्द कीबोर्ड, दुसरा हवेतला संदेश, तिसरा कॉम्प्युटर. हे वेगळं करायला दोन मिनिटं पुरतात. शेजाऱ्याचा साधा वायरवाला कीबोर्ड लावून पाहा. त्यातही तीच गडबड असेल तर दोष कॉम्प्युटरमध्ये आहे, सेल बदलून काही होणार नाही. वायरवाला नीट चालला तर तुमचा वायरलेस कीबोर्ड दुसऱ्या लॅपटॉपला लावा. तिथे चालला तर तुमच्या टेबलाजवळ काहीतरी अडथळा आहे. तिथेही नाही चालला तर मग कीबोर्डकडे वळा.

दरम्यान काम अडलं असेल तर विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकत्र दाबली की स्क्रीनवरच कीबोर्ड उघडतो, माऊसने अक्षरं टिपता येतात. कीबोर्ड अगदीच मुका असेल तर पासवर्डच्या पानावर कोपऱ्यात सुगम्यतेचं छोटं चिन्ह असतं, तिथूनही तो निघतो. फॉर्मची शेवटची तारीख असेल तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

सेल

निम्म्या तक्रारी इथेच संपतात. सेल एकदम संपत नाही. आधी एखादं अक्षर गळतं, मग एकच अक्षर चारदा उमटतं, मग कीबोर्ड अगदी जवळ धरला तरच चालतो. अशी लक्षणं दिसली की दोन्ही सेल एकदम बदला. एक जुना एक नवा असं करू नका, जुना सेल नव्यालाही खाली ओढतो आणि गळण्याची भीती वाढते. साध्या अल्कलाइन सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो, चार्ज होणाऱ्या निकेलच्या सेलचा १.२. त्यामुळे चार्जवाले सेल टाकले की काही कीबोर्ड भरलेल्या सेललाही "बॅटरी कमी" म्हणतात. तो बिघाड नाही. कीबोर्ड चालतोय तोवर दुर्लक्ष करा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना सेल काढून ठेवा. परत आल्यावर डबीत पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलाय. अल्कलाइन सेलमधला पदार्थ क्षारीय असतो, म्हणून तो काढायला खायचा सोडा उपयोगाचा नाही. कान साफ करायच्या काडीला थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून स्प्रिंग आणि पत्री पुसा, मग कोरड्या काडीने. हातात मोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा. पत्री हिरवी पडून खाल्ली गेली असेल तर मात्र नवीन कीबोर्ड घ्यावा.

आणि हो, कीबोर्डच्या पाठीवर चालू-बंदचं बारीक बटण असतं. पुसताना ते सरकतं. हसू नका, मी स्वतः यात अर्धा तास घालवलाय.

डोंगल आणि फ्लॅटमधली गर्दी

कीबोर्डसोबत नखाएवढा डोंगल आला असेल तर तो २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतो. हा पट्टा भारतात २००५ पासून परवान्याविना वापरायला मोकळा आहे, म्हणूनच वाय-फाय, ब्लूटूथ, खेळण्यातली गाडी असे सगळे तिथेच जमतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही ह्याच लहरींवर अन्न गरम करतो. वाकडच्या एखाद्या बारा मजली इमारतीत फोनवर वाय-फायची यादी उघडा, वर-खाली-शेजारची पंधरा-वीस नावं सहज येतील. एवढ्या गोंगाटात कीबोर्डचा बारीक आवाज हरवतो.

पण माझ्या अनुभवात खरा त्रास शेजाऱ्यांपेक्षा स्वतःच्या लॅपटॉपचाच जास्त असतो. निळं यूएसबी ३.० चं पोर्ट असतं ना, त्यात हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह चालू असला की त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच विजेचा गोंगाट बाहेर पडतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये यावर सविस्तर माहिती प्रसिद्ध केली होती. डोंगल त्याच्या शेजारच्या भोकात असेल तर फाइल कॉपी होत असताना माऊस अडखळतो, अक्षरं गळतात आणि कॉपी संपली की सगळं ठीक. लोक म्हणतात व्हायरस आला. व्हायरस वगैरे काही नाही. डोंगल दुसऱ्या बाजूच्या काळ्या पोर्टमध्ये लावा. नाहीतर हातभर लांबीची यूएसबी वाढीव वायर घ्या आणि डोंगल टेबलावर, कीबोर्डच्या समोर आणून ठेवा. डेस्कटॉप असेल तर डोंगल कधीही मागे लावू नका, पत्र्याची पेटी आणि मागची भिंत दोन्ही मध्ये येतात. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर लॅपटॉप त्यावर घ्या, म्हणजे २.४ वर तेवढी गर्दी कमी.

पाच-दहा मिनिटं हात न लावता ठेवल्यावर कीबोर्ड झोपतो आणि उठत नाही, अशी तक्रार असेल तर विंडोज वीज वाचवायला यूएसबी बंद करत असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबवर दोनदा टिचकी मारा, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देण्याची खूण असते, ती काढा. रूट हब दोन-तीन असतील तर प्रत्येकाची काढा.

डोंगल हरवला तर? बहुतेक स्वस्त जोड्यांमध्ये तो डोंगल त्या कीबोर्डशीच बांधलेला असतो, दुसरा चालत नाही. लॉजिटेकचे काही कीबोर्ड याला अपवाद आहेत. २००९ मध्ये आलेल्या त्यांच्या युनिफाइंग पद्धतीत एका डोंगलला ६ उपकरणं जोडता येतात आणि डोंगल सुटाही मिळतो. २०२१ मध्ये त्यांनीच बोल्ट नावाची नवी पद्धत आणली. युनिफाइंगचा डोंगल बोल्टच्या कीबोर्डला चालत नाही आणि उलटही नाही, त्यामुळे विकत घेताना डोंगलवरचं चिन्ह कीबोर्डच्या पाठीवरच्या चिन्हाशी ताडून घ्या. कीबोर्ड देताघेताना डोंगल त्याच्या सेलच्या डबीत ठेवायची सवय लावा, बऱ्याच कंपन्यांनी त्यासाठी तिथे खाच दिलेली असते.

ब्लूटूथचा असेल तर

ब्लूटूथ कीबोर्ड बऱ्याचदा बिघडलेला नसतो, तो दुसरीकडे गेलेला असतो. मुलाने काल तो टॅबला जोडला, आज तुम्ही लॅपटॉप उघडलात आणि तो शेजारच्या खोलीतल्या टॅबवर टाइप करतोय. आधी बाकीच्या उपकरणांचं ब्लूटूथ बंद करा. १, २, ३ अशी बटणं असतील तर योग्य आकडा दाबा. तरी नाही जमलं तर लॅपटॉपच्या यादीतून त्याचं नाव पूर्ण काढून टाका आणि नव्याने जोडा. स्क्रीनवर आकडे आले तर ते कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं असतं, हे पुष्कळांना कळत नाही आणि ते माऊसने खिडकी बंद करतात.

विंडोज सुरू होण्याआधीच्या काळ्या-निळ्या पडद्यावर मात्र ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा चालत नाही. म्हणून घरात एक वायरवाला कीबोर्ड असू द्या, जुना चालेल.

अक्षरं वेगळीच उमटतात

आपल्याकडे इंग्रजी, मराठी आणि उर्दू एकाच लॅपटॉपवर असतात, त्यामुळे हा घोटाळा आपल्याच घरात जास्त. वर सांगितलेलं विंडोज आणि स्पेस हे तर झालंच. दुसरा प्रकार जास्त गोंधळात टाकतो. उर्दू सुरू केलेल्या कॉम्प्युटरवर उजवीकडचं कंट्रोल आणि उजवीकडचं शिफ्ट एकत्र दाबलं गेलं की परिच्छेदाची दिशाच फिरते. इंग्रजी वाक्य उजव्या कडेला जाऊन चिकटतं, पूर्णविराम डावीकडे उडी मारतो. डावीकडचं कंट्रोल आणि शिफ्ट दाबा, सरळ होईल. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पूर्ण निबंध असाच पुसून पुन्हा लिहिला होता.

मराठीतही एक नाही, निदान तीन मांडण्या आहेत. विंडोजमध्ये मिळणारी इनस्क्रिप्ट ही सरकारी मांडणी, रोमन अक्षरांवरून मराठी करणारी फोनेटिक, आणि टायपिंग क्लासमध्ये शिकवतात ती रेमिंग्टन. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या मराठी टायपिंगच्या परीक्षेला बसणारी मुलं घरी फोनेटिकवर सराव करतात आणि वेग का येत नाही म्हणून कीबोर्डला दोष देतात. क्लासमध्ये जी मांडणी शिकताय तीच घरी लावा आणि सराव वायरच्या कीबोर्डवर करा. मिनिटाला ३० शब्दांच्या परीक्षेत गळलेलं अक्षर सेलमुळे गळलं हे कुणी विचारात घेत नाही.

बाकी किरकोळ: उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून धरलं गेलं की फिल्टर कीज सुरू होते आणि पटकन दाबलेली अक्षरं उमटत नाहीत. शिफ्ट ५ वेळा दाबलं की स्टिकी कीज. लहान मूल कीबोर्डवर खेळून गेलं असेल तर आधी हेच बघा. नवीन लिहिताना पुढचं पुसलं जात असेल तर इन्सर्टचं बटण एकदा दाबा.

माऊस, हेडफोन, प्रिंटर

माऊस काचेच्या टेबलावर उड्या मारतो, खाली वही ठेवा. एकदा दाबलं तरी दोनदा उघडतं म्हणजे आतलं बटण झिजलंय.

ब्लूटूथ हेडफोनवर मीटिंग सुरू झाली की आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो. माईक सुरू झाला की जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ ऐकणं आणि बोलणं एकत्र करायला आवाजाचा दर्जा उतरवतो. माईक लॅपटॉपचा निवडा आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवा, फरक लगेच कळेल. मुलाखतीत ही युक्ती कामाची.

प्रिंटर "ऑफलाइन" दाखवत असेल तर आठवा, अलीकडे वाय-फायचा पासवर्ड बदलला का? फोन-लॅपटॉपला नवा दिला, प्रिंटरला कुणी दिलाच नाही. पुष्कळ घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच घेतात, हेही ध्यानात ठेवा.

चहा सांडला

लगेच उलटा करा, सेल आणि डोंगल काढा. दोन दिवस पंख्याखाली वाळू द्या. तांदळात ठेवून काही होत नाही, उलट पीठ आत जातं. साखरेच्या चहाने बटणं चिकट होतात, ती ओल्या कपड्याने पुसून सुटली तर नशीब. हे सगळं सुट्या कीबोर्डचं. चहा लॅपटॉपवर सांडला तर तो बंद करून थेट तंत्रज्ञाकडे न्या, घरी चालू करून पाहू नका.

पासवर्ड आणि शेजारी

२०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की अनेक नामांकित कंपन्यांच्या डोंगलला लांबून खोटी बटणं दाबल्याचे संदेश पाठवता येतात, आणि काही स्वस्त कीबोर्ड तर टाइप केलेलं सांकेतिक न करता उघडच पाठवतात. भिंतीला भिंत लागून राहतो आपण. घाबरून कीबोर्ड फेकायची गरज नाही, पण बँकेचा पासवर्ड लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डवर टाका. नवीन घेताना खोक्यावर एन्क्रिप्शनचा उल्लेख आहे का तेवढं पाहा.

दुरुस्ती की नवीन

पाच-सातशेचा कीबोर्ड दुरुस्त करण्यात अर्थ नसतो, पण हमी असेल तर बिल शोधा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सुटे भाग, वाढीव वायर, जुना वायरवाला कीबोर्ड स्वस्तात हवा असेल तर पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली अजूनही सगळ्यात बरी. जाताना तुमचा डोंगल सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा. वापरलेले सेल घंटागाडीत सुक्या कचऱ्यात मिसळू नका, ते घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. बाजूला डब्यात साठवा आणि वेगळे द्या.