कॉमेटची लहान प्रतिकृति

मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृति करणाऱ्यास त्या वस्तूचा इतिहास टाळतां येत नाहीं. खिडकीचा आकार कोणता, रंगाचा पट्टा कोठून कोठवर, एंजिनांचीं तोंडें केवढीं, हे प्रश्न त्याच्यापुढें येतात आणि साल ठरविल्यावांचून त्यांचीं उत्तरें देतां येत नाहींत. जेट एंजिनांवर चालणारें जगांतील पहिलें उतारू-विमान जें डी हॅविलँड कंपनीचें 'कॉमेट', त्याच्या बाबतींत तर थोड्या वर्षांच्या अंतरानें विमानाचें रूपच पालटतें. कॉमेट म्हणजे धूमकेतु. आपल्याकडे नव्या वाहनास हें नांव कोणी ठेविलें नसतें. परंतु १९३४ सालीं याच कंपनीच्या याच नांवाच्या एका लहान विमानानें इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया ही शर्यत जिंकली होती, आणि कंपनीस तेवढा शकुन पुरेसा वाटला असावा.

नवें कॉमेट २७ जुलै १९४९ रोजीं हॅटफील्ड येथें प्रथम उडालें. २ मे १९५२ रोजीं ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचें 'योक पीटर' हें विमान उतारू घेऊन लंडनहून जोहान्सबर्गकडे निघालें व जेटचें युग सुरू झालें. प्रतिकृति करावयाची ती बहुतेकांस याच विमानाची करावीशी वाटते.

एकास एकशें चव्वेचाळीस हें उतारू-विमानांच्या प्रतिकृतींचें रुळलेलें प्रमाण आहे. म्हणजे बारा फुटांस एक इंच. मूळ कॉमेटची लांबी ९३ फूट, ती पावणेआठ इंचांत मावते. पंखांचा ११५ फुटांचा पसारा साडेनऊ इंचांहून किंचित् अधिक भरतो. मात्र एअरफिक्स कंपनीनें या प्रमाणांत जें कॉमेट काढलें तें पुढचें, '४ बी' नांवाचें. त्याची लांबी ११८ फूट, पंख आंखूड, एंजिनें 'घोस्ट' नव्हेत तर 'एव्हन', आणि खिडक्या वाटोळ्या. त्यास कापून जोडून १९५२ चें कॉमेट करूं पाहणाऱ्यास निम्मी वस्तु हातानें घडवावी लागते. रंगाचें काम त्यामानानें सुखाचें. पाठीवर पांढरा रंग, खिडक्यांच्या रांगेवरून गडद निळा पट्टा, पोट उघड्या ॲल्युमिनमचें. पांढरा रंग पातळ थरांनीं चढवावा, पुरता वाळूं द्यावा, मग चिकटपट्टीनें झांकून निळा द्यावा; घाई केली कीं निळ्याची कड पांढऱ्यांत झिरपते.

एक गोष्ट मात्र कितीहि कुशल हातास साधत नाहीं. कॉमेटच्या धडाचा पत्रा बहुतेक ठिकाणीं पाऊण मिलिमीटरहूनहि पातळ होता. प्रतिकृतीचें प्लास्टिक एक मिलिमीटर जाड धरलें, तर मूळ विमानावर तो साडेपांच इंचांचा तट होईल. आणि या विमानाचें सारें दुर्दैव त्या पातळ पत्र्यांत सांठविलेलें होतें.

उतारूंसह झालेल्या पहिल्या उड्डाणास बरोबर एक वर्ष झालें त्याच दिवशीं, २ मे १९५३ रोजीं, कलकत्त्याहून दिल्लीकडे निघालेलें एक कॉमेट वादळांत सांपडून मोडलें व ४३ माणसें मेलीं. दोष वादळाकडे गेला. १० जानेवारी १९५४ रोजीं 'योक पीटर' एल्बा बेटाजवळ ३५ माणसांसह समुद्रांत पडलें. त्या वेळीं वादळ नव्हतें. कांहीं फेरफार करून मार्चमध्यें विमानें पुन्हां सुरू केलीं, आणि ८ एप्रिल रोजीं 'योक योक' नेपल्सजवळ कोसळून आणखी २१ बळी गेले. पुरतें कारण कळण्यापूर्वींच विमानें आकाशांत सोडण्याचा हा निर्णय मोठा महाग पडला.

फार्नबरो येथें सर आर्नोल्ड हॉल यांच्या देखरेखीखालीं शोध सुरू झाला. 'योक अंकल' या विमानाचें धड एका प्रचंड हौदांत ठेवून आंत-बाहेर पाणी भरलें. हवेनें फुगविलेलें धड फुटल्यास बाँबसारखा स्फोट होतो. पाणी दबत नाहीं, म्हणून चीर पडली तरी ती पाहावयास शिल्लक राहते. आंतील दाब वाढवावयाचा, उतरवावयाचा, कीं एक उड्डाण झालें. विमानाचीं खरीं उड्डाणें १२२१ झालीं होतीं; हौदांतील १८३६ त्यांत मिळवून ३०५७ व्या खेपेस, जून १९५४ मध्यें, खिडकीच्या कोपऱ्याजवळून धड फाटलें. कंपनीनें स्वतः घेतलेल्या परीक्षेंत धडाचा तुकडा १८००० खेपा टिकला होता. परंतु त्याच तुकड्यावर आधीं नेहमींच्या दुपटीपर्यंत दाब देऊन पाहिला होता. त्या ताणानें कोपऱ्यांतील धातु उलट कणखर झाली, आणि परीक्षेनें खोटा धीर दिला. 'योक पीटर' १२९० खेपांतच फुटलें.

येथेंच प्रतिकृति पुन्हां कथेंत येते, आणि ती खेळणें म्हणून नव्हे. पीसा येथील वैद्यांस प्रेतांच्या कवट्यांवर व फुप्फुसांवर विलक्षण इजा आढळल्या होत्या. त्यांचा अर्थ लावण्यासाठीं फार्नबरोच्या शास्त्रज्ञांनीं पारदर्शक प्लास्टिकची, मूळच्या एक-दशांश आकाराची केबिन तयार केली, तींत लहान खुर्च्या व बाहुल्या बसविल्या, आणि ती फोडून जलद गतीच्या कॅमेऱ्यानें चित्रें घेतलीं. क्षणार्धांत बाहुल्या छतावर व पुढें आदळल्या. वैद्यांचें अनुमान खरें ठरलें. एवढा भयंकर उपयोग क्वचितच एखाद्या प्रतिकृतीचा झाला असेल, व एवढा आवश्यकहि.

रंगानेंहि साक्ष दिली. नौदलानें समुद्रतळाहून वर काढलेल्या डाव्या पंखावर रंगाचे ओरखडे होते. ते केबिनच्या बाहेरील रंगाशीं जुळले. म्हणजे पंख शाबूत असतांना केबिन आधीं फुटली. पुढें छताचा तुकडाहि मिळाला, आणि चिरेचें मूळ उतारूंच्या खिडकीशीं नव्हे, तर पाठीवरील दिशादर्शक यंत्राच्या एरियलसाठीं ठेविलेल्या झरोक्याच्या कोपऱ्याशीं सांपडलें. 'चौकोनी खिडक्यांनीं कॉमेट बुडविलें' ही लोकांतील समजूत म्हणून अर्धीच खरी. त्या खिडक्यांचे कोपरे मुळांत गोलच होते. पुरेसे गोल नव्हते, आणि त्यांच्याजवळ रिव्हेटांचीं भोकें होतीं.

कॉमेट ४ नें ४ ऑक्टोबर १९५८ रोजीं अटलांटिक पार केला, परंतु त्याच महिन्याच्या २६ तारखेस बोइंग ७०७ हि त्या मार्गावर आलें, व बाजार अमेरिकेकडे गेला.

मूळ धाटणीच्या खिडक्या पाहावयाच्या तर लंडनजवळ लंडन कॉल्नी येथील डी हॅविलँड संग्रहालयांत एका कॉमेट १-ए चें धड आहे. आणि 'योक पीटर'च्या छताचा तो तुकडा लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें. प्रतिकृति करणाऱ्यानें पाठीवरचा पांढरा रंग वाळल्यावर ते दोन झरोके बारीक कुंचल्यानें काढावे. पुष्कळजण ते विसरतात.