पुराण ऐकायचे असते

चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या कचेरीत दुपारच्या जेवणाला एका टेबलाशी चार देश सहज जमतात. त्यातल्या एका फिलिपिनो सहकारी बाईंच्या कानात गेले काही महिने सतत इयरफोन असत. शेवटी मी विचारलेच. उत्तर ऐकून मौज वाटली. 'अ‍ॅडव्हेंचर्स इन ओडिसी' ही अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती संस्थेची श्राव्य नाट्यमालिका त्या लहानपणी कॅसेटवर ऐकत. १९८७ साली सुरू झालेली ही मालिका अजून चालू आहे आणि तिचे नऊशेच्या वर भाग झाले आहेत. मुख्य पात्र एक प्रेमळ आजोबा. त्यांना आवाज देणारे नट हॅल स्मिथ १९९४ साली वारले, पुढे दुसरे आले, मग तिसरे. पण आजोबा चालूच राहिले. मधली वीस वर्षे बाईंनी ती ऐकली नव्हती. आता पुन्हा पहिल्यापासून ऐकत होत्या. म्हणाल्या, गोष्ट तीच आहे, पण मी तेव्हा काय ऐकत होते कोण जाणे!

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले, कारण मराठीतली एक 'मालिका' मीही अशीच वीस-बावीस वर्षे टाकून दिली होती. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. मराठीला रत्नांची, फुलांची, कस्तुरीची उपमा देणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण सर्वांनी शाळेत घोकल्या आहेत. पुढे कॉलेजात एका वडिलधाऱ्यांच्या आग्रहाने ग्रंथ हाती घेतला, पन्नास पाने वाचली आणि कंटाळून ठेवून दिला. शाळेतल्या ओव्यांपलीकडे सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, हे तेव्हाच प्रथम कळले होते, आणि ती काही आनंदाची बातमी वाटली नव्हती.

टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातल्या विल्टशायर परगण्यातला. रोमला जाऊन जेझुइट झाला, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्याला उतरला. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला अजून एकवीस वर्षे होती. पुढची चाळीस वर्षे, १६१९ साली मरेपर्यंत, तो परत गेलाच नाही. त्यातला बराच काळ साष्टी तालुक्यात गेला. घर सोडताना 'तीन-चार वर्षांत परत येतो' म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा आकडा मनात ठेवावा. १५८३ साली त्याने भावाला पाठवलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते असे लिहिले. सर विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध भाषण याच्यानंतर दोनशे वर्षांनी झाले.

तो काळ मात्र गोड नव्हता, आणि हे सांगितल्याशिवाय ख्रिस्तपुराणाबद्दल बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले होते. देवळे पाडली गेली, पोथ्या जप्त झाल्या, जाळल्या गेल्या. १५८३ सालीच कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्याचा सूडही पोर्तुगिजांनी भयंकर घेतला. या धामधुमीत जे ख्रिस्ती झाले, काही मनाने तर बरेचसे नाइलाजाने, त्यांच्या संध्याकाळी एकदम रिकाम्या झाल्या. पुराण ऐकणे ही केवळ भक्ती नव्हती. शेजारी जमण्याचे, मुलांनी आजीच्या मांडीवर डुलक्या घेण्याचे ते निमित्त होते. ते गेले, आणि जागी आली पाठ करायची प्रश्नोत्तरे.

स्टीफन्सने हे ओळखले, आणि विशेष म्हणजे ते लपवले नाही. पुराणाच्या आरंभीच प्रसंग येतो तो असा: देवळात मुलांना धर्मशिक्षण चालले आहे. तिथे एक ब्राह्मण येतो आणि पाद्री गुरूला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न खरोखर कुणी विचारला की स्टीफन्सने रचला, याने फारसा फरक पडत नाही. ज्या सत्तेच्या आश्रयाने तो लिहीत होता तिच्याबद्दलची तक्रार त्याने पहिल्याच प्रकरणात श्रोत्याच्या तोंडी घातली आहे. कॉलेजात मी हे वाचले होते, पण ती मला प्रस्तावनेची औपचारिकता वाटली होती. आज तो मला साऱ्या ग्रंथाचा कणा वाटतो. पुढेही श्रोते मधूनमधून शंका विचारतात, गुरू थांबून उत्तर देतो आणि कथा पुढे सरकते. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर, दुसऱ्यात ५९. अवस्वर म्हणजे अध्याय. खरे तर एका बैठकीचा ऐवज. रेडिओवाले ज्याला 'भाग' म्हणतात तोच.

पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. देवाला परमेश्वर, स्वर्गाला वैकुंठ, सांगणारा गुरू. ओवी तर ज्ञानोबा-एकनाथांच्या घराण्यातलीच. एकनाथ १५९९ साली गेले. १६१६ मध्ये हे पुराण रायतूरला छापले गेले तेव्हा तुकोबा सात-आठ वर्षांचे असतील. म्हणजे ते मराठी काव्याच्या ऐन भरात जन्मले.

आमच्या संगणकवाल्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट इथे सांगतो. हे पुराण छापले गेले रोमन लिपीत, कारण गोव्याच्या छापखान्यात देवनागरी खिळेच नव्हते. स्टीफन्सला ते मनापासून हवे होते. १६०८ साली त्याने रोमला जेझुइटांच्या प्रमुखाला पत्र लिहून परवानगी मागितली. अडचणही त्यानेच सांगितली: जोडाक्षरे धरून सहाशेच्या आसपास साचे लागतात, पण युक्तीने ते दोनशेवर आणता येतील. म्हणजे फाँटमध्ये जोडाक्षरे कशी बसवावीत याचा हिशेब एक इंग्रज मिशनरी चारशे वर्षांपूर्वी मांडत होता! ते खिळे काही झाले नाहीत. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मग ग्रंथ टिकला कसा? हस्तलिखितांनी आणि कानांनी. रविवारी, सणावारी देवळात मिसानंतर आणि घरोघरीही तो वाचला, गायला जाई. त्याच्या पाठोपाठ फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ याने सेंट पीटरवर असेच भले मोठे पुराण रचले. आणि मग १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या भाषेत पुराण दिले, तीच भाषा काढून घेण्याचा हा घाट! हुकुमाने भाषा मेली नाही, पण तिला दारिद्र्याची कळा आली. पुराणाच्या प्रती गोव्याबाहेर, मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत जपल्या गेल्या. जोसेफ साल्ढाणा यांनी अशा प्रती ताडून १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीतच नवी आवृत्ती काढली. लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आहे हे जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात १९५६ साली निघाली, फादर द्रागो यांची मुंबईत १९९६ साली. चारशे वर्षांपैकी साडेतीनशे वर्षे सामान्य मराठी वाचकाला हा ग्रंथ त्याच्या लिपीत मिळालाच नव्हता, हे आपण सहज विसरतो.

रेव्हरंड टिळकांनी १९०९ च्या सुमारास 'ख्रिस्तायन' हाती घेतले, ते साडेदहा अध्यायांवर राहिले आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय लिहून ते पुरे केले, ही या घराण्याची पुढची पिढी. त्याआधी अहमदनगरला कृष्णाराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करू लागले होते. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

परत माझ्याकडे. जेवणाच्या टेबलावरच्या त्या गप्पांनंतर मी पुस्तक पुन्हा काढले. एक्स्पो स्टेशनवरून घरी जाताना गाडीत वाचू लागलो आणि पुन्हा अडखळलो. डोळ्यांना ओवी ओळखीची वाटे, पण पुढे जाववत नसे. एका रविवारी घरी सहज मोठ्याने वाचले. आणि ते चालू लागले! यमक जिथे पडायला हवे तिथे पडे, वाक्याचा अर्थ पुढच्या चरणात आपसूक उलगडे. रोमन लिपीत छापलेला तो मजकूर वाचण्यासाठी नव्हताच मुळी. एकाने म्हणायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा होता. कॉलेजात मी गाण्याची नोटेशनची वही वाचून गाणे कंटाळवाणे आहे असा निकाल दिला होता.

त्या दिवसांत आई सावंतवाडीहून आली होती. आयुष्यभर पोथ्या ऐकलेली बाई. सृष्टीच्या उत्पत्तीचा अवस्वर चालू असताना ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि बसली. स्टीफन्सने आपले पुराण मराठीत रचले, पण लोकांना कळावे म्हणून साध्या कोकणी शब्दांची मिसळ मुद्दाम केली, असे तो स्वतःच सांगतो. ज्या शब्दांसाठी मी शेवटची शब्दार्थांची पाने उलटत होतो, त्यांतल्या दोन-तीन शब्दांवर आई हसून म्हणाली, "अरे, ह्यो तर आमच्या घरातलोच शब्द!"

थोड्या वेळाने मी थांबून सांगितले, "आई, हे एका इंग्रज पाद्रीबुवांनी लिहिलंय. ख्रिस्ती लोकांचं पुराण आहे." ती जरा गप्प राहिली. गोव्यात काय झाले ते सावंतवाडीच्या माणसाला पुस्तकातून कळावे लागत नाही; आमच्याच गावात तिकडून आणलेल्या देवांची घराणी आहेत. मी पुस्तक मिटणार होतो.

"तसां काय ता मिया समाजलंय," ती म्हणाली. "पण त्या पयल्या बाईन फळ खाल्ल्यान, फुडे काय झाला ता वाच."

तिचा व्हिसा संपेपर्यंत आमचे तेरा अवस्वर झाले. आता रविवारी सकाळी, तिकडच्या साडेआठ वाजता, फोनवर वाचतो. नोआचे तारू केव्हाच पाण्याला लागले. सध्या मोझेस इजिप्तात आहे.