चालू-बंद, चालू-बंद

दूरनियंत्रकाची कळ थोडी दाबली की खेळातली मोटारगाडी हळू चालते, पूर्ण दाबली की सुसाट सुटते. बॅटरी तीच, मोटरही तीच. मग वेग बदलतो कसा? या साध्या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी रेडिओलहरींनी चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली. मोटरला दुरून हुकूम देता येतो हे सिद्ध झाले. वेग आवरण्याचा रूढ उपाय मात्र ओबडधोबड होता : मोटरच्या मार्गात विद्युतरोध घालायचा. शाळेतला र्‍होस्टॅट हेच करतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावलेली विजेची लोकलही १५०० व्होल्ट एकदिश दाबावर अशीच सुटे. वेग वाढेल तसे रोध एकेक करून वगळले जात.

१९७६ साली जपानच्या तामिया कंपनीने ‘पोर्शे ९३४’ ही विजेवर चालणारी रेडिओनियंत्रित गाडी आणली. त्या काळच्या अशा गाड्यांत एक छोटी सर्व्हो मोटर रोधावरून धातूची पट्टी सरकवी. आता हिशेब करू. बॅटरी ७.२ व्होल्टची, मोटरला हवेत ३.६ व्होल्ट आणि प्रवाह १० अँपिअर. उरलेले ३.६ व्होल्ट रोधावर पडतात. म्हणजे ३६ वॉट मोटरला आणि ३६ वॉट नुसती उष्णता! साध्या सोल्डरिंग आयर्नइतकी.

यातून सुटका कशी? उष्णता म्हणजे दाब गुणिले प्रवाह. स्विच बंद असेल तर प्रवाह शून्य. चालू असेल तर स्विचवरचा दाब जवळजवळ शून्य. दोन्ही वेळा गुणाकार नगण्य! म्हणून प्रवाह अडवायचा नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचा. निम्मा वेळ चालू, तर मोटरला सरासरी निम्मा दाब. पायडल थांबवले तरी सायकल पुढे जाते, तशी मोटर मधल्या क्षणांत फिरत राहते.

असा चपळ स्विच हाताने शक्य नव्हता. १९५९ साली बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अटाला आणि डॉन कांग यांनी मॉसफेट घडवला. १९७०च्या दशकाअखेर मोठा प्रवाह पेलणारे मॉसफेट बाजारात आले आणि पुढच्या दशकात खेळातल्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक रुळले. मॉसफेटचा रोध ०.०१ ओहम धरला, तर १० अँपिअरला उष्णता फक्त १ वॉट.

त्याची जोडणी सोपी आहे. दोन जाड तारा बॅटरीला, दोन मोटरला आणि तीन बारीक तारांची पट्टी रिसीव्हरला. या पट्टीतून १ ते २ मिलिसेकंदांचे स्पंद येतात. स्पंदाच्या लांबीवरून नियंत्रक वेग ओळखतो. मोटरच्या तारा उलटल्या तर गाडी फक्त उलटी धावते. बॅटरीच्या उलटल्या तर मॉसफेटमधील अंगभूत डायोडांतून थेट प्रवाह उसळतो. आम्ही ही चूक एकदा केली. धूर निघायला क्षणही लागला नाही. म्हणून मोटर जोडण्यापूर्वी लाल-काळे दोनदा तपासावे.

वर्गात जुना खोकेवजा पंख्याचा रेग्युलेटर असेल, तर पंखा मंद ठेवून तासाभराने खोक्याला बाहेरून हात लावून पाहा. पंखा मंद केला म्हणून वीज तितकीच वाचली का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारा. उत्तर त्यांच्या तळहातालाच कळेल.