दफ्तर
बडोद्याच्या गोरव्यातल्या मराठी घरात मूळ गाव शोधायचं, तर आधी मोडी कागदांचा रुमाल सोडावा लागतो. घरचं दफ्तरच ते. शब्द फारसीतून आला, पण मूळ ग्रीक: 'दिफ्थेरा', म्हणजे कातडं. लिहिणं त्यावरही व्हायचं. (घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून 'डिप्थीरिया'ही त्याच कुळातला!) दफ्तर घरचं असतं तसं राज्याचंही: बडोद्यात सयाजीरावांच्या चाकरीत वर्षं काढलेल्या गो. स. सरदेसायांनी पुढे पुण्याच्या पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. साध्या घराण्यांच्या नोंदी मात्र वेगळीकडे सापडतात. इंग्लंडात १५३८पासून खेड्यातलं चर्च बाप्तिस्मा, लग्न, दफन नोंदवू लागलं; आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या नामावळ्या आहेत. तिथं जाताना आजोबा-पणजोबांची नावं नि आडनाव घेऊन जावं. गोरव्याचा पत्ता फारसा उपयोगी नाही.